एकही गोल वाया जात नाही : 2011-12 च्या हंगामाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात इंग्लिश प्रीमियर लीगच्या 2011-12 च्या हंगामाविषयी लिहिताना मी एक विधान केले होते. साखळी स्पर्धेत एकही गोल वाया जात नाही, सामना निकालात निघाल्यानंतर झालेला गोलही कुठेतरी मोजला जातो आणि कधी कधी तोच साऱ्या वर्षाचा फैसला करतो, असे ते विधान होते. त्यावर सोलापूर शहराच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली. काहींनी विधान मान्य केले, काहींनी हरकत घेतली, आणि एका विद्यार्थिनीने तर स्वतःच्या अनुभवाची कहाणी लिहून पाठवली. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

ज्यांच्या वाचनात तो लेख आला नाही, त्यांच्यासाठी हंगामाची हकीकत थोडक्यात सांगतो. या लीगमध्ये वीस संघ असतात. प्रत्येक संघ इतर एकोणीस संघांशी एकदा आपल्या आणि एकदा त्यांच्या मैदानावर खेळतो, म्हणजे प्रत्येकाचे 38 सामने होतात. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक गुण आणि पराभवाला शून्य, असा हिशेब असतो. 13 मे 2012 रोजी हंगाम संपला तेव्हा मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड या एकाच शहरातील दोन संघांचे 28 विजय, 5 बरोबरी, 5 पराभव आणि 89 गुण असे सारे आकडे तंतोतंत सारखे होते. सिटीने 93 गोल केले होते आणि 29 स्वीकारले होते. युनायटेडने 89 केले होते आणि 33 स्वीकारले होते. सिटीचा गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून स्वीकारलेले गोल वजा करून उरणारा आकडा, 64 आणि युनायटेडचा 56 असल्यामुळे विजेतेपद सिटीकडे गेले, आणि 1967-68 नंतर चव्वेचाळीस वर्षांनी त्यांच्या दारी ते आले.

प्रश्न : महोदय, सप्रेम नमस्कार. नऊ महिने खेळून दोन्ही संघांचे गुण सारखेच झाले होते, तर त्यांच्यात एक अंतिम सामना खेळवून निकाल का लावला नाही? चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला एका खेळाडूचा फटका जाळ्यात गेला म्हणून एक संघ विजेता ठरला आणि दुसरा उपविजेता, हे मला न्यायाचे वाटत नाही. त्या रात्री सामन्याची पाच मिनिटे उरली असताना आमच्या भागातील वीज गेली, आणि ती परत आली तेव्हा पडद्यावर निळ्या पोशाखातील खेळाडू नाचत होते. कदाचित त्यामुळेही तो निकाल माझ्या गळी उतरत नसेल.
— एक निवृत्त बँक कर्मचारी, होटगी रोड

उत्तर : आपली हरकत प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तर जरा विस्ताराने देतो. वीज गेल्यामुळे आपले जे पाहायचे राहिले, ते आधी सांगतो.

आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सामना सुरू झाला तेव्हा सिटीला घरच्या मैदानावर क्वीन्स पार्क रेंजर्सला हरवणे एवढेच काम उरले होते. त्या मैदानावर सिटीने हंगामात एकही सामना गमावला नव्हता आणि फक्त एक बरोबरीत सोडवला होता. पाब्लो झबालेताने 39व्या मिनिटाला गोल केला. मध्यंतरानंतर जिब्रिल सिसेने बरोबरी साधली आणि 55व्या मिनिटाला रेंजर्सच्या जोई बार्टनला लाल कार्ड मिळाले. तरीही दहा जणांच्या रेंजर्सने 66व्या मिनिटाला जेमी मॅकीच्या हेडरने 2-1 अशी आघाडी घेतली. तिकडे संडरलँडच्या मैदानावर वेन रूनीच्या विसाव्या मिनिटातील गोलाच्या जोरावर युनायटेड 1-0 ने पुढे होते. नव्वद मिनिटे संपली तेव्हा विजेतेपद युनायटेडच्या हातात होते. वाढीव वेळेत डेव्हिड सिल्वाच्या कॉर्नरवर एडिन जेकोने डोक्याने गोल केला आणि 2-2 झाले. त्यानंतर पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी गोलकडे पाठ करून उभ्या असलेल्या मारिओ बालोटेलीकडे चेंडू गेला. त्याचा तोल गेला, परंतु पडता पडता त्याने चेंडू पुढे ढकलला. सर्जिओ अग्वेरोने तो घेतला, अंगावर आलेल्या बचावपटूला चुकवून एक पाऊल आत टाकले आणि उजव्या पायाने गोलरक्षकाच्या जवळच्या खांबाकडून चेंडू जाळ्यात धाडला. घड्याळात 93 मिनिटे 20 सेकंद झाली होती. संडरलँडमधील सामना संपला होता आणि युनायटेडचे खेळाडू मैदानावरच उभे राहून बातमीची वाट पाहत होते.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. अंतिम सामन्याची तरतूद तेव्हाच्या नियमांत होती. गुण सारखे झाले तर गोलफरक पाहायचा, तोही सारखा असेल तर केलेले एकूण गोल पाहायचे, आणि तेही सारखे निघाले तर विजेतेपदासाठी त्रयस्थ मैदानावर एक सामना खेळवायचा, असा तो क्रम होता. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत असा सामना खेळवण्याची वेळ आजवर आलेली नाही. मात्र त्या वर्षी ती वेळ किती जवळ आली होती, हे पाहण्यासाठी 23 ऑक्टोबर 2011 या तारखेकडे जावे लागेल.

त्या रविवारी दिवाळी तोंडावर आली होती. घरात फराळाची गडबड चालू होती आणि मी दूरचित्रवाणीसमोर वही घेऊन बसलो होतो. दर आठवड्याची गुणतालिका हाताने आखून लिहिण्याची मला जुनी सवय आहे. युनायटेड आपल्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर सिटीशी खेळत होते. बालोटेलीचे दोन आणि अग्वेरोचा एक अशा गोलांनी सिटी 3-0 ने पुढे गेले, युनायटेडच्या जॉनी इव्हान्सला मध्यंतरानंतर लगेच लाल कार्ड मिळाले होते, आणि 81व्या मिनिटाला डॅरेन फ्लेचरने एक गोल परत केला. नव्वदावे मिनिट जवळ आले तेव्हा मी वहीत पेन्सिलीने 3-1 असे लिहून टाकले. नंतर तो आकडा मला तीन वेळा खोडावा लागला. आधी जेको, मग सिल्वा, मग पुन्हा जेको. चार-पाच मिनिटांत 3-1 चे 6-1 झाले. दहा खेळाडूंनिशी खेळणारे युनायटेड आणखी गोल मिळवण्यासाठी पुढे धावत राहिले आणि मागची जागा मोकळी पडली. ते पान माझ्याकडे अजून आहे, आणि त्या चौकटीत खोडरबराने कागद पातळ झाला आहे.

त्या रात्री मला वाटले की हे तीन गोल केवळ अपमानाचे आहेत, गुण तर तीनच जाणार. मे महिन्यात हिशेब मांडला तेव्हा निराळेच चित्र दिसले. तो सामना 6-1 ऐवजी 2-1 असा संपला असता आणि बाकी सर्व निकाल तेच राहिले असते, तर सिटीचे 89 गोल झाले असते आणि त्यांनी 29 स्वीकारले असते. युनायटेडचेही 89 गोल झाले असते आणि त्यांनीही 29च स्वीकारले असते. गुण सारखे, गोलफरक सारखा, केलेले गोलही सारखे. म्हणजे आपण म्हणता तो अंतिम सामना खरोखरच खेळवावा लागला असता.

आता तोच सामना 3-1 वर थांबला होता असे धरू, म्हणजे फक्त शेवटचे तीन गोल वजा करू. मग सिटीचा गोलफरक 61 आणि युनायटेडचा 59 राहिला असता. विजेते तरीही सिटीच ठरले असते, हे मान्य करायला हवे. परंतु मग शेवटच्या दिवशी संडरलँडमध्ये युनायटेडने 1-0 ऐवजी 3-0 ने विजय मिळवला असता तर गोलफरक सारखा झाला असता आणि एकूण गोलांत युनायटेड 91 विरुद्ध 90 असे पुढे गेले असते. शेवटच्या दिवशी दोन गोल जास्त करणे ही आवाक्यातील गोष्ट आहे. आठ गोलांची दरी नव्वद मिनिटांत भरून काढणे जवळजवळ अशक्य आहे, आणि म्हणून त्या दिवशी युनायटेडला सिटीच्या घसरण्याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. ती वाट त्यांच्यासाठी ऑक्टोबरातील त्या चार-पाच मिनिटांनीच आखून ठेवली होती.

तेव्हा अग्वेरोच्या गोलाने विजेता ठरवला हे जितके खरे आहे, तितकेच हेही खरे आहे की त्या गोलाला वजन मिळाले ते सात महिन्यांपूर्वीच्या गोलांमुळे. परस्परांतील सामने पाहिले तरी सिटीने दोन्ही जिंकले होते. दुसरा सामना 30 एप्रिलला व्हिन्सेंट कोम्पनीच्या हेडरने 1-0 असा जिंकला होता. स्पेनमधील ला लीगामध्ये गुण सारखे झाल्यास आधी परस्परांतील सामनेच पाहतात, आणि त्या मोजपट्टीनेही सिटीच पुढे राहिले असते. मला तो निकाल न्यायाचा वाटतो.

प्रश्न : क्रिकेटमध्ये नेट रनरेट असतो आणि फुटबॉलमध्ये गोलफरक असतो. दोन्ही सारखेच का? आम्ही यंत्रमागावर काम करणारी माणसे आहोत. वजाबाकी आम्हाला कळते, पण नेट रनरेट सामना संपेपर्यंत कुणालाच नीट सांगता येत नाही.
— एक यंत्रमाग कामगार, अक्कलकोट रोड

उत्तर : दोन्हींचा हेतू एकच आहे, परंतु रीत वेगळी आहे. नेट रनरेटमध्ये धावांना षटकांनी भागून मग वजाबाकी करतात, गोलफरकात नुसती वजाबाकी असते. भागाकाराची ही अडचण इंग्लंडमध्येही एके काळी होती. 1976 पर्यंत तेथे गोलफरक पाहत नसत. केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागत आणि जो भागाकार येई त्याला गोल सरासरी म्हणत. भागाकाराच्या या रीतीत गोल न स्वीकारणाऱ्या संघाचा फायदा होतो, म्हणून बचाव करून बसण्याची वृत्ती वाढते. 1976-77 च्या हंगामापासून तेथे साधी वजाबाकी आली.

रीत बदलल्याने किती फरक पडतो याचे उत्तम उदाहरण 1988-89 च्या हंगामात सापडते. तेव्हा आर्सेनल आणि लिव्हरपूल या दोघांचे 76 गुण झाले आणि दोघांचाही गोलफरक 37च होता. आर्सेनलने 73 गोल करून 36 स्वीकारले होते, लिव्हरपूलने 65 करून 28 स्वीकारले होते. जास्त गोल केले म्हणून आर्सेनल विजेते ठरले. जुनी भागाकाराची रीत चालू असती तर लिव्हरपूलची सरासरी 2.32 आणि आर्सेनलची 2.03 आली असती, म्हणजे विजेता बदलला असता. तो निर्णायक सामनाही या दोघांतच, लिव्हरपूलच्या मैदानावर, 26 मे 1989 रोजी झाला. आर्सेनलला दोन गोलांच्या फरकाने विजय हवा होता आणि मायकल थॉमसने अखेरच्या क्षणी दुसरा गोल केला.

वजाबाकीचा मोठा गुण असा की मैदानावरील खेळाडूला आणि घरी बसलेल्या प्रेक्षकाला कोणत्याही क्षणी आपण कुठे आहोत हे बोटांवर मोजता येते.

प्रश्न : आपल्या पुण्यातील कंपनीचा एक संघ त्या हंगामात होता, असे माझे वडील सांगतात. तो कोणता संघ होता आणि त्याचे पुढे काय झाले?
— एक दुकानदार, बाळीवेस

उत्तर : आपल्या वडिलांची आठवण अचूक आहे. तो संघ म्हणजे ब्लॅकबर्न रोव्हर्स. कुक्कुटपालन व्यवसायातील पुण्याच्या वेंकीज समूहाने नोव्हेंबर 2010 मध्ये तो क्लब विकत घेतला. ब्लॅकबर्न हा काही किरकोळ संघ नव्हे. 1888 मध्ये जगातील पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक संघांपैकी तो एक आहे आणि 1994-95 मध्ये त्याने प्रीमियर लीगचे विजेतेपदही मिळवले होते.

2011-12 चा हंगाम मात्र त्याच्यासाठी फार कष्टाचा गेला. प्रशिक्षक स्टीव्ह कीन यांच्याविरुद्ध प्रेक्षक उघड निदर्शने करीत होते, संघ तळाशी होता आणि शेवटी 31 गुणांवर एकोणिसावा राहून खालच्या श्रेणीत गेला. 7 मे 2012 रोजी घरच्या मैदानावर विगनकडून 1-0 ने हरल्यावर त्याच्या घसरणीवर शिक्कामोर्तब झाले. त्यानंतर आजवर त्याला प्रीमियर लीगमध्ये परतता आलेले नाही.

परंतु याच ब्लॅकबर्नने विजेतेपदाच्या शर्यतीत किती मोठा वाटा उचलला, हे फार थोड्यांच्या लक्षात आहे. 31 डिसेंबर 2011 रोजी, म्हणजे युनायटेडचे व्यवस्थापक सर अॅलेक्स फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, तळाच्या या संघाने ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन युनायटेडला 3-2 असे हरवले. याकुबूने दोन गोल केले. युनायटेडने ते फेडून बरोबरी साधली. शेवटी 80व्या मिनिटाला ग्रँट हॅन्ली या तरुण बचावपटूने विजयी गोल केला. युनायटेडने तो सामना नुसता बरोबरीत सोडवला असता तरी त्यांचे 90 गुण झाले असते आणि मे महिन्यात गोलफरकाची चर्चाच झाली नसती. साखळी स्पर्धेचे मला सर्वांत मोठे आकर्षण हेच वाटते. ज्या संघाला स्वतःचे घर वाचवता आले नाही, त्याने दुसऱ्याच्या घरातील विजेतेपद हलवले.

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्या वर्षी घसरलेले तिन्ही संघ, ब्लॅकबर्न, बोल्टन आणि वुल्व्हरहॅम्प्टन, 1888 च्या त्या बारा संस्थापकांपैकीच होते.

प्रश्न : शेवटच्या दिवशी रेंजर्सचा संघ सिटीकडून हरला, तरी त्यांचे खेळाडू आणि प्रेक्षक आनंदात होते, असे एका चित्रफितीत दिसते. हरलेला संघ आनंद कसा साजरा करू शकतो?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : कारण त्यांची लढाई सिटीशी नव्हतीच. या लीगमध्ये दर वर्षी शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात आणि तेथील तीन संघ वर येतात. शेवटच्या दिवसापूर्वी रेंजर्सचे 37 आणि बोल्टनचे 35 गुण होते. रेंजर्स हरले आणि बोल्टनने स्टोक सिटीच्या मैदानावर विजय मिळवला, तर 38 गुणांसह बोल्टन वाचणार आणि रेंजर्स जाणार, असा तो मामला होता. बोल्टन मध्यंतराला 2-1 ने पुढे होते. 77व्या मिनिटाला स्टोकच्या जोनाथन वॉल्टर्सने पेनल्टीवर गोल करून 2-2 केले आणि सामना तसाच संपला. बोल्टन 36 वर थांबले आणि सर्वोच्च श्रेणीतील अकरा वर्षांचा त्यांचा मुक्काम संपला. त्यामुळे अग्वेरोच्या गोलाने रेंजर्सचे काहीच बिघडले नाही.

या दिवसाच्या चित्रफिती पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे की अग्वेरोबरोबर वॉल्टर्सची ती पेनल्टीही शोधून पाहा. एका गोलाने विजेता ठरला म्हणून तो जगभर दाखवला जातो. दुसऱ्या गोलाने एका गावातील क्लबचे उत्पन्न, खेळाडूंचे करार आणि कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या यांवर परिणाम झाला, आणि त्याची आठवण बहुधा त्या गावापुरतीच राहिली.

प्रश्न : टॉटनहॅम चौथ्या क्रमांकावर आले, तरी त्यांना चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश मिळाला नाही आणि सहाव्या क्रमांकाच्या चेल्सीला मिळाला. हे कसे?
— सात रस्ता परिसरातील एक वाचक

उत्तर : चॅम्पियन्स लीग या युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेत इंग्लंडला तेव्हा चार जागा होत्या. 19 मे 2012 रोजी म्युनिकमध्ये बायर्न म्युनिकला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून चेल्सीने चॅम्पियन्स लीग जिंकली. गतविजेत्याला पुढील वर्षी प्रवेश देणे नियमाने भाग होते आणि एका देशाला चारहून अधिक जागा देता येत नव्हत्या, म्हणून चौथ्या क्रमांकाची जागा गेली. टॉटनहॅमचे 69 गुण होते आणि तिसऱ्या आलेल्या आर्सेनलचे 70. एका गुणाने त्यांचा घात केला. नियम पुढे बदलण्यात आला.

प्रश्न : सिटीच्या मालकांनी अमाप पैसा ओतला. मग या विजयाचे एवढे कौतुक कशासाठी? आमच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा आम्ही पाहिले आहे की ज्याच्याकडे भांडवल असते तोच शेवटी टिकतो.
— एक निवृत्त गिरणी कामगार, अशोक चौक

उत्तर : आपल्या अनुभवापुढे मी वाद घालणार नाही. 2008 मध्ये अबू धाबीच्या मालकांनी सिटी विकत घेतला नसता तर अग्वेरो, सिल्वा, याया तुरे ही मंडळी तेथे आली नसती आणि 2012 चे विजेतेपदही आले नसते, हे स्पष्ट आहे. पैशाने सिटीला शर्यतीत आणून उभे केले. मला कौतुक वाटते ते शेवटच्या सहा सामन्यांचे. 8 एप्रिल 2012 रोजी आर्सेनलकडून 1-0 ने हरल्यावर सिटी युनायटेडच्या आठ गुणांनी मागे पडले होते आणि सहाच सामने उरले होते. त्यांनी ते सहाही जिंकून 18 गुण मिळवले. त्याच काळात युनायटेडला दहाच मिळाले. विगनकडून 1-0 असा पराभव झाला. आणि 22 एप्रिलला एव्हर्टनविरुद्ध 83व्या मिनिटापर्यंत 4-2 ने पुढे असताना दोन मिनिटांत दोन गोल स्वीकारून सामना 4-4 असा बरोबरीत सुटला. हातातोंडाशी आलेला घास गेला तो त्या दोन मिनिटांत. ज्या युनायटेडने हा घास घालवला तेही काही गरीब नव्हते, एवढे मात्र आपल्या विधानाला जोडावेसे वाटते.

प्रश्न : काका, मी नववीत शिकते आणि आमच्या शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघात मध्यरक्षक म्हणून खेळते. आंतरशालेय स्पर्धेत आमच्या गटात चार शाळा होत्या आणि एकच संघ पुढे जाणार होता. आमचा पहिला सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. दुसऱ्या सामन्यात मध्यंतरालाच आम्ही 4-0 ने पुढे होतो, तेव्हा सरांनी सांगितले की आता पुरे, चेंडू मागेच खेळवा. तो सामना 4-0 वरच संपला. तिसरा आम्ही 2-0 ने जिंकला. ज्या संघाशी आमची बरोबरी झाली होती त्यांचेही सात गुण झाले, पण त्यांचा गोलफरक सात आणि आमचा सहा भरला. तुमचा लेख वाचल्यापासून मला वाटते आहे की आम्ही चुकलो. सर चुकले का?
— इयत्ता नववी, जुळे सोलापूर

उत्तर : बाळ, तुझे पत्र मी दोनदा वाचले. तुझ्या सरांना मी दोष देणार नाही, आणि तूही देऊ नकोस. सोलापूरच्या उन्हात एका सामन्यामागोमाग दुसरा खेळायचा असतो तेव्हा मुलींचे पाय जपणे हे प्रशिक्षकाचे पहिले काम आहे. समोरच्या संघातील मुली तुझ्याच वयाच्या होत्या, त्यांची मान खाली जाऊ नये असेही सरांच्या मनात आले असेल, आणि तो विचार चांगलाच आहे.

तरीही हिशेबाची बाजू तुझी बरोबर आहे. 38 सामन्यांच्या लीगमध्ये एका गोलाला जे वजन असते त्याच्या कितीतरी पट वजन तीन सामन्यांच्या गटात असते. पहिला सामना बरोबरीत सुटल्यावर गुण सारखे होण्याची शक्यता उघड दिसत होती, म्हणून दुसऱ्या सामन्यात मध्यंतरानंतरचा अर्धा तास मौल्यवान होता. पुढच्या वेळी मध्यंतराला सरांजवळ जाऊन अदबीने एवढेच विचार की गटाचा निकाल कशावर लागणार आहे. गोलफरक हे उत्तर आले, तर ज्या मुली राखीव आहेत त्यांना मैदानात उतरवा. त्या ताज्या असतात आणि गोल करायला उत्सुकही असतात, शिवाय थकलेल्यांना विश्रांती मिळते. सतत धावण्याची गरज नाही. चेंडू आपल्याकडे ठेवा आणि कॉर्नर व फ्री किक मिळाली की मात्र पूर्ण मन लावून खेळा. सिटीने शेवटच्या दिवशी बरोबरीचा गोल कॉर्नरवरच केला होता. आणि सामना हातून गेलेला असेल तेव्हा याच्या उलट करायचे. 3-1 ने मागे असताना दहा जणींनी पुढे धावत सुटायचे नाही. पराभव एका सामन्याचा आहे, तो पुढच्या सामन्यांवर लादून घ्यायचा नाही.

स्पर्धेच्या आयोजकांनाही मी एक सुचवू इच्छितो. शालेय गटात गोलफरकाला मर्यादा घालावी, म्हणजे एका सामन्यातील फार तर चार-पाच गोलांचाच फरक धरावा आणि हा नियम पहिल्या सामन्याआधी सर्व शाळांना लेखी कळवावा. त्यामुळे दुबळ्या संघांची ससेहोलपट होणार नाही आणि तुझ्या सरांसारख्या भल्या माणसाला कोड्यात पडावे लागणार नाही.

आणखी एक, तू विचारले नाहीस तरी सांगतो. इंडियन सुपर लीगच्या 2020-21 च्या हंगामात मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान या दोघांचेही 20 सामन्यांत 40 गुण झाले होते. त्या लीगच्या नियमाप्रमाणे आधी परस्परांतील सामने पाहिले गेले आणि ते दोन्ही मुंबईने जिंकलेले असल्यामुळे साखळीतील अव्वल स्थानाची ढाल मुंबईला मिळाली. त्यांतील दुसरा विजय, 2-0 असा, साखळीच्या अगदी शेवटच्या सामन्यात मिळवलेला होता. म्हणजे नियम कोणता आहे यावर कोणता सामना जिवाचे रान करून खेळायचा हे ठरते. तुमच्या गटात परस्परांतील सामना बरोबरीत सुटला होता, तेव्हा तेथे तो नियम लावूनही निकाल लागला नसता आणि गोलफरकच पाहावा लागला असता.

तुझ्या गटातील सहाही सामन्यांचे निकाल तारखांसह मला पाठव. तुम्हाला दुसऱ्या सामन्यात नेमके किती गोल आणखी हवे होते, एक की दोन, हे केवळ गोलफरकावरून सांगता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या संघाने एकूण किती गोल केले आणि बरोबरी झाल्यास आयोजकांचा पुढचा निकष कोणता होता, हे पाहावे लागेल. पत्र महिनाअखेरपर्यंत पोहोचले तर पुढील अंकात तालिका मांडून दाखवीन.